स्कॉटलंडचा सातबारा, मेंढ्यांची शिट्टी आणि तुमचे बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात स्कॉटलंडच्या खेड्यांवर मी जेमतेम दीड पान लिहिलं आणि प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. व्हॉट्सअ‍ॅपवर इतके मेसेज की फोन हँग झाला, आणि दोन चक्क पोस्टकार्डं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सहा वर्षं इनव्हर्नेसला होते एवढंच माझं क्वालिफिकेशन, मी काही इतिहासकार वगैरे नाही हे आधीच सांगते. पण तिकडे असताना रविवारी घरात बसायचा कंटाळा यायचा म्हणून खेडी खूप पाहिली, आणि शेतकऱ्याच्या घरातली असल्यामुळे राजवाडे-किल्ल्यांपेक्षा गोठ्यात जास्त डोकावले. सगळ्या प्रश्नांना इथे जागा पुरणार नाही, जे परत परत आलेत ते घेतलेत.

ताई, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलीने ऑनलाइन गिफ्ट दिलं, स्कॉटलंडमध्ये एक स्क्वेअर फूट जमीन, आणि सोबत जाड कागदावर सर्टिफिकेट की मी आजपासून 'लेअर्ड' आणि मिसेस 'लेडी'. दाराच्या पाटीवर लावू का? आणि तिकडच्या सातबाऱ्यावर नाव कसं चढवायचं? – एक वाचक, इंदिरानगर

पाटीवर खुशाल लावा काका, सोसायटीच्या सेक्रेटरीची हरकत नसेल तर माझी काय असणार. पण सातबारा विसरा.

असं आहे की तिकडे जमीन तुमची केव्हा होते, तर सरकारी रजिस्टरला नोंद झाली की. नुसता कागद हातात आला म्हणून मालकी येत नाही, आणि इथेच मेख आहे. २०१२ च्या त्यांच्या जमीन नोंदणी कायद्यात असल्या इवल्याशा तुकड्यांना 'सुव्हेनिर प्लॉट' असं नावच दिलंय, म्हणजे ज्याचा प्रत्यक्षात काही उपयोग नाही, नुसतं आठवण म्हणून नाहीतर माझं आहे म्हणायला कोणी घेईल असा तुकडा, आणि त्याच्या नोंदणीचा अर्ज आला तर तो नाकारायचा असं स्पष्ट लिहिलंय. 'लेअर्ड' हा किताबसुद्धा नाही हो, आपल्याकडे गावात एखाद्याला 'मालक' म्हणतात ना, तसं मोठ्या इस्टेटवाल्याला लोक म्हणतात. घराण्यांची मानचिन्हं वगैरे बघणारा तिकडे एक सरकारी अधिकारी असतो, लॉर्ड लायन म्हणतात त्याला, त्याच्या ऑफिसनेही सांगून टाकलंय की सुव्हेनिर प्लॉटच्या जोरावर आमच्याकडे मानचिन्ह मागायला येऊ नका.

मुलीला मात्र रागावू नका, तिने प्रेमाने दिलंय.

आता गंमत बघा, ज्या देशात तुमची नोंद होत नाहीये तो देश जमिनीच्या नोंदीत सगळ्यांचा बाप आहे. तिथलं रजिस्टर ऑफ सेसिन्स १६१७ पासून चालू आहे, अख्ख्या देशाचं, कोणालाही बघता येईल असं. १६१७ म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. आणि त्या काळी व्यवहार पक्का कसा व्हायचा, तर विकणाऱ्याच्या माणसाने घेणाऱ्याच्या हातात त्याच जमिनीतली मूठभर माती आणि एक दगड ठेवायचा, शेतात उभं राहून, साक्षीदारांसमोर. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझे आजोबा आठवले. विहिरीकडचं रान विकलं त्या दिवशी तलाठ्याकडे जायच्या आधी ते एकटेच रानात गेले आणि ढेकूळ उचलून घरी घेऊन आले, ते कितीतरी वर्षं देवळीत पडून होतं.

तर तुमच्या मुलीला पुढच्या वेळी म्हणावं, सर्टिफिकेट नको, माती मागव.

तिकडे पण बांधावरून भांडणं होतात का? आमचा शेजारी दर साली नांगर एक तास आत घालतो, दहा वर्षांत बांधाची पायवाट राहिली नाही. आणि कोणीही कोणाच्याही रानातून चालत जाऊ शकतो असं तुम्ही लिहिलं होतं, ते पटलं नाही. – द्राक्ष बागायतदार, निफाड

दादा, बांध कोरणं ही जागतिक कला आहे. इतकी की स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेजवळच्या गावांत त्याचा वार्षिक उत्सवच होतो. सेल्कर्क, हॉइक अशी गावं आहेत, तिथे उन्हाळ्यात 'कॉमन रायडिंग' असतं. कॉमन म्हणजे आपलं गायरान. गायरानाची शिव कोणी आत सरकवली तर नाही ना हे बघायला पूर्वी गावातली माणसं घोड्यावरून अख्ख्या शिवेला चक्कर मारायची, तेच आता झेंडे घेऊन, बँड लावून, शेकडो घोड्यांवरून करतात. हॉइकमध्ये पुढे झेंडा धरणारा जो पोरगा असतो तो बिनलग्नाचाच लागतो. सेल्कर्कवाले सांगतात की १५१३ साली इंग्लंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईला गावातून ऐंशी जण गेले आणि एकच परत आला, शत्रूचा झेंडा घेऊन, त्याची आठवण म्हणून चौकात झेंडे फिरवतात आणि मग सगळं गाव गप्प उभं राहतं. एवढ्या गर्दीत ती शांतता कशी असते ते लिहून सांगता येत नाही. मी उभी होते तिथे, शेजारी एका बाईचं लहान मूल रडायला लागलं तर तिने त्याचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबलं.

मोजणीचा अर्ज टाका हे तुम्हाला मी सांगायला नको. पण निफाडच्या शिवेवरून वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून घोडे फिरवले तर निम्म्या केसेस कमी होतील असं आपलं मला वाटतं.

त्यांचे बांध मात्र कोरता येत नाहीत कारण ते दगडी असतात. कोकणात गडगा असतो ना तसे, चुना नाही सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. दोन बाजूंनी दोन भिंती एकमेकींकडे कललेल्या, मधे बारीक दगडांची भर, मधूनच एक लांब दगड आरपार घालून दोन्ही भिंती बांधून घ्यायच्या, आणि वरती उभ्या दगडांची ओळ. काही ठिकाणी खाली एक चौकोनी भोक ठेवलेलं असतं, मेंढी जाईल पण गाय जाणार नाही एवढंच. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले गेट उघडायला रोज कोण जाणार.

आता रानातून चालण्याचं. खरंय ते. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने तिकडे जवळपास सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर लोकांना पायी, सायकलवर, घोड्यावर जायचा हक्क दिलाय, मालक कोणी का असेना. पण तुम्ही घाबरताय तसं नाहीये, उभ्या पिकातून जाता येत नाही, कडेकडेने जायचं, कोणाच्या घराच्या अंगणात घुसायचं नाही, आणि गेट जसं होतं तसं ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं. कुत्रा असेल तर आणखी जपायचं, तुमच्या कुत्र्याने मेंढ्यांना त्रास दिला तर २०२१ पासून चाळीस हजार पौंडांपर्यंत दंड आहे, वर जेल होऊ शकते ते वेगळं.

पहिल्यांदा मी कोणाच्या तरी कुरणातून चालले होते तेव्हा छातीत नुसती धडधड, आणि समोरून मालक त्याच्या चार चाकांच्या मोटरसायकलवरून आलाच. म्हटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तो थांबला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला वरच्या बाजूने जा, खाली चिखल आहे. बस. मला अजूनही वाटतं की आपल्याकडे असं झालं असतं तर आधी 'कोणाची गं तू?' विचारलं असतं. अर्थात तुमच्या बागेत औषधाची फवारणी, डिपिंग, सगळं चालू असताना कोणी फिरायला आलं तर मीही हाकलून देईन, द्राक्षाची तऱ्हा वेगळी.

आम्ही चार पिढ्या पैठणी विणतो. पॉवरलूमवर काढलेला माल 'हातमाग' म्हणून विकतात त्यामुळे आमचं मरण झालंय. तिकडे हॅरिस ट्वीडचं काहीतरी कडक आहे म्हणतात, ते काय आहे? – एक काकू, येवला

काकू, तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण आत्तापर्यंत ज्याने त्याने किल्ल्यांबद्दलच विचारलं होतं.

ट्वीड म्हणजे जाड लोकरीचं कापड, कोटाचं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत, लुईस, हॅरिस वगैरे, झाड औषधालासुद्धा दिसत नाही आणि वारा असा की बोलताना शब्द उडून जातात. तिथलं हे कापड. त्यासाठी १९९३ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वतंत्र कायदा केला, एका कापडासाठी एक अख्खा कायदा! त्यात काय आहे, तर लोकर शुद्ध नवी पाहिजे, ती याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली पाहिजे, आणि विणणाऱ्याने ते कापड *आपल्या घरी* विणलेलं पाहिजे. कारखान्यात माग बसवून विणलं तर ते हॅरिस ट्वीड नाही, विषय संपला. माग पायाने पेडल मारून चालवतात, विजेवर नाही. मग तयार कापडाचे तागे तपासून त्यावर शिक्का मारतात, गोल आणि वरती क्रॉस, तो शिक्का १९१० च्या सुमाराचा आहे.

पैठणीला जीआय टॅग आहे हे तुम्हाला माहितीच आहे. पण टॅग असणं आणि कोणीतरी दर ताग्यावर येऊन शिक्का मारणं यात जो फरक आहे तोच तुमचा प्रश्न आहे असं मला वाटतं. तिकडे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माग असतो, विणकर सकाळी मेंढ्यांना बघून येतो आणि मग मागावर बसतो, खटॅक खटॅक आवाज रस्त्यापर्यंत येतो. येवल्यात गल्लीतून जाताना येतो ना तसाच, फक्त जरा जास्त कर्कश.

आणि एक सांगते, हसू नका. पूर्वी विणून झालेलं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका ते ओलं करून लांब टेबलावर आपटायच्या, दहा-बारा जणी दोन्ही बाजूंना बसून, तालात, आणि भिजवायला साठवलेलं मूत्र वापरायच्या (अमोनिया असतो त्यात, दुसरं काय). वासाचं राहू द्या, पण त्या तालावर त्या गाणी म्हणायच्या, एक जण ओळ म्हणणार बाकीच्या पालुपद धरणार, गेलिक भाषेत. नवऱ्याची तक्रार, बुडालेल्या होड्या, कोणाचं कोणावर प्रेम बसलंय. आपल्या जात्यावरच्या ओव्याच की! आता ते काम मशीनवर होतं आणि गाणी स्टेजवर गेली. जातं गेलं तेव्हा आपल्याकडेही तेच झालं.

जाता जाता आणखी एक. तुमच्या पदरावरची कोयरी इंग्रजीत 'पेझली' म्हणून ओळखतात, आणि पेझली हे ग्लासगोजवळचं एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मिरी शालींची विलायतेत फॅशन आली, खरी शाल परवडेना, मग या गावातल्या विणकरांनी त्याची नक्कल मागावर काढायला सुरुवात केली, आणि इतकी विकली की कोयरीला त्या गावाचंच नाव चिकटलं. पुढे १८७० च्या सुमाराला फॅशन गेली आणि तो धंदाही बसला. म्हणजे नक्कल करून मूळ माल मारण्याचं काम तिकडच्या विणकरांनीही केलंय, हेही लक्षात असू द्या.

किल्टच्या आत काय घालतात? – बऱ्याच जणांनी विचारलंय, नाव एकानेही लिहिलं नाही

मी विचारलं नाही, तुम्ही जाऊन विचारा. दुसरं कामाचं सांगते: कलोडनची लढाई १७४६ ची, तिच्यात हायलँडचे, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, बंडखोर हरल्यावर इंग्रज सरकारने तिथल्या पुरुषांना हा वेष घालायलाच बंदी केली, ती १७८२ पर्यंत होती. आणि पुढे १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा स्वतःच किल्ट घालून मिरवला. प्रत्येक घराण्याचा ठरलेला चौकडा वगैरे जे आपल्याला फार प्राचीन वाटतं त्यातलं बरंचसं त्या भेटीच्या आगेमागे आणि नंतर पक्कं झालेलं आहे. कपड्यांना आधी बंदी घालायची आणि मग तेच घालून फोटो काढायचे, राज्यकर्ते सगळीकडे सारखेच.

मी बीएस्सी अ‍ॅग्री करतोय, घरी मेंढरं आहेत, वडील दिवाळीनंतर वाडा घेऊन निघतात ते पावसाळ्याच्या तोंडाला येतात. तिकडे मेंढपाळाला मान आहे, कुत्र्यांच्या स्पर्धा होतात असे व्हिडिओ बघतो. आपल्याकडेच का नाही? – सिन्नर

बाळा, कुत्र्यांचं आधी सांगते कारण ते बघून मीही वेडी झाले होते. बॉर्डर कॉली म्हणतात त्या जातीला, काळा-पांढरा, मध्यम अंगाचा. मेंढपाळ एका जागी उभा, मेंढ्या अर्ध्या किलोमीटरवर, आणि सगळं काम शिट्टीवर. 'कम बाय' म्हटलं की कुत्रा मेंढ्यांना घड्याळाच्या दिशेने वळसा घालतो, 'अवे' म्हटलं की उलट्या. आणि शेवटी 'दॅटल डू' म्हणजे झालं, ये आता, की तो सगळं सोडून पायाशी येऊन बसतो. भुंकत नाही, चावत नाही, नुसता खाली वाकून डोळे रोखून बघतो आणि मेंढ्या हलतात. तुझ्या वडिलांच्या तोंडातला 'हुर्र' आणि ती शिट्टी यात मला काही फार फरक वाटला नाही.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडली. तिकडच्या डोंगरावरच्या मेंढ्यांना कुंपण नसलं तरी त्या आपलं रान सोडून जात नाहीत. कोकराला आईच दाखवते, इथपर्यंत आपलं, पलीकडचं दुसऱ्याचं, आणि ते कोकरू मोठं झालं की आपल्या कोकराला दाखवतं. त्यामुळे जमीन विकली तर कळप बहुतेक वेळा जमिनीबरोबरच जातो, नवा कळप आणून ते रान शिकवायला वर्षं जातात. माणसं साधारण पंचावन्न लाख आणि मेंढ्या त्याहून जास्त असा तो देश आहे.

पण मानाचं म्हणशील तर जरा थांब. त्या मेंढ्या तिथे कशा आल्या ते ऐक.

हायलँडमध्ये पूर्वी माणसंच राहायची, दऱ्यादऱ्यांत वस्त्या, थोडी गुरं, थोडे ओट, बटाटे. उन्हाळ्यात बायका-पोरं गुरं घेऊन डोंगरावरच्या झोपड्यांत जायची, तुमच्या वाड्यासारखीच. जमीन मात्र सरदाराच्या नावावर, ही सगळी कुळं, आणि हातात कागद नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी लोकरीला आणि मटणाला भाव आला, मालकांनी हिशोब केला की दरीत शंभर कुटुंबं ठेवण्यापेक्षा दक्षिणेकडून चेव्हियट जातीच्या मेंढ्या आणून एकाच मोठ्या मेंढीवाल्याला भाड्याने दिलं तर पैसा कितीतरी जास्त. मग काय, नोटिसा, आणि ऐकलं नाही तर छपरं पेटवून द्यायची, म्हणजे परत येऊन राहता येणार नाही. सदरलंडमधल्या स्ट्रॅथनेव्हर दरीत १८१४ ला आणि परत १८१९ ला हे झालं. तिथल्या पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर १८१६ ला खटला चालला, सुटला तो. लोकं किनाऱ्यावर खडकाळ तुकड्यांवर नेऊन टाकली, कितीतरी जहाजाने कॅनडाला गेली. इतिहासात याला 'क्लिअरन्सेस' म्हणतात, म्हणजे साफसफाई. शब्द बघ कसा आहे.

इनव्हर्नेसच्या उत्तरेला खूप आत एका दरीत क्रॉइक नावाचं छोटंसं चर्च आहे, आजूबाजूला काही नाही, एक नदी, झाडं आणि मेंढ्या. १८४५ च्या मे महिन्यात शेजारच्या ग्लेनकॅल्व्ही दरीतल्या लोकांना असंच काढलं, ऐंशीएक माणसं, त्यात तान्ही पोरं, आणि जायला जागा नाही म्हणून ती चर्चच्या आवारात कापडं-घोंगड्यांचा आडोसा करून राहिली. चर्चच्या आत नाही गेली, बाहेर थडग्यांमध्ये राहिली. आणि त्यांनी खिडकीच्या काचेवर टोकदार कशाने तरी खरवडून लिहून ठेवलं. अजून आहे ते. शंकरपाळ्याच्या आकाराच्या लहान लहान काचा, त्यावर बारीक अक्षर, की ग्लेनकॅल्व्हीची माणसं इथे आवारात होती, २४ मे १८४५. आणि एका काचेवर स्वतःबद्दलच लिहिलंय, 'पापी पिढी'. त्यांना वाटलं आपल्याच पापाची शिक्षा असणार ही. मी ते बोटाने वाचत होते आणि मला आमच्या मावशीच्या सासरच्या गावाची आठवण आली, इगतपुरीकडे धरणात गेलं ते. तिथली म्हातारी अजून म्हणायची की आमचंच काहीतरी चुकलं असणार, नाहीतर देव पाण्यात कसा जाईल.

आता तू विचारशील मग लोक गप्पच बसले का. नाही. स्काय बेटावर ब्रेझ नावाच्या वस्तीत १८८२ ला चराईच्या डोंगरावरून तंटा पेटला, लोकांनी भाडं बंद केलं, तर ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आणले आणि बायकांनी त्यांच्यावर दगडांचा मारा केला. मग सरकारने चौकशी कमिशन नेमलं आणि १८८६ ला कायदा आला: कुळाला काढता येणार नाही, भाडं वाजवी, जमीन पोराला देता येईल, आणि सोडून गेला तर बांधलेल्या घराची भरपाई. आपल्या कूळकायद्याचा थोरला भाऊच म्हण, आपला कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. फरक एवढाच की आपलं कूळ मालक झालं आणि त्यांचं कूळ कूळच राहिलं पण पक्कं राहिलं. अशा लहान तुकड्याला 'क्रॉफ्ट' म्हणतात, सोबत सामायिक चराई, आणि क्रॉफ्टवर पोट भरत नाही म्हणून जोडीला मासेमारी, ट्वीड, पोस्टमनची नोकरी, काहीतरी असतंच.

मालकीचं वारं खूप नंतर फिरलं. १९९३ ला असिंट भागातल्या क्रॉफ्टरांनी वर्गणी गोळा करून २१ हजार एकरांची इस्टेट तीन लाख पौंडांना स्वतःच विकत घेतली. मग १९९७ ला एग नावाचं अख्खं बेट तिथल्या रहिवाशांच्या ट्रस्टने घेतलं. तिथे २००८ पासून पाणी, वारा आणि उन्हावर स्वतःची वीज आहे, दर घराला पाच किलोवॅटची मर्यादा, एकाच वेळी सगळं लावलंत की तुमच्या घरची वीज जाणार. आपल्यासारखी अख्ख्या तालुक्याची नाही.

तर मान मेंढपाळाला आहे की मेंढीला हे तूच ठरव. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर वडिलांच्या वाटेवरची चराई दर वर्षी किती कमी होतेय ते नकाशावर मांड, मी मदत करते.

नातू एडिंबरोला शिकायला चाललाय. खाण्याचे हाल होतील का? भाकरीसारखं काही मिळतं का तिकडे? – एक आजी, पंचवटी

आजी, मिळतं की. ओटकेक म्हणतात, ओटच्या पिठाची छोटी खुसखुशीत भाकरी समजा, चीजबरोबर खातात. आणि ओटचीच लापशी, तीही जुनी माणसं मीठ घालून खातात, साखर घातलीत तर तोंड वाकडं करतील. ढवळायला 'स्पर्टल' नावाचा लाकडी दांडका असतो, आपल्या रवीचा दांडा तेवढा, खालचं फूल नाही. तो घड्याळाच्या दिशेनेच फिरवायचा, उलटा फिरवला तर अपशकुन.

हॅगिसचं नाव ऐकेल तो. मेंढीची कलेजी, हृदय आणि फुप्फुस बारीक करून, कांदा, चरबी, ओट घालून मेंढीच्या पोटाच्या पिशवीत शिजवतात. तुमच्या घरी चालत नसेल, पण ज्यांच्या घरी वजडी होते त्यांना नवल वाटायचं काही कारण नाही, मला तर चव ओळखीची वाटली, मिरी जास्त. शाकाहारी हॅगिसही दुकानात मिळतं.

आणि त्याला सांगा, ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजून गेल्यावर घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतो त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं अशी तिकडची समजूत आहे, आणि तो उंच, काळ्या केसांचा पुरुष असला तर सगळ्यात शुभ. हातात कोळसा, केक नाहीतर व्हिस्की पाहिजे. आमच्या शेजारच्या म्हातारीने सहाही वर्षं माझ्या नवऱ्याला बोलावलं, एरवी त्याला पायगुण वगैरे कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

लहानपणी देवळाली कॅम्पात बॅगपाइप ऐकायचो. त्याचा आवाज आला की अजून अंगावर काटा येतो. त्याबद्दल दोन शब्द लिहा. – वय वर्षं ८४, देवळाली

आजोबा, तुमच्या गावाने त्यांच्या भाषेला एक शब्द दिलाय ते आधी सांगते. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट बघत देवळालीत पडून असायचे, महिनोन् महिने, काम नाही, ऊन, ताप, आणि त्यात डोकं फिरायचं. त्यावरून वेडसर माणसाला तिकडे आजही 'डूलॅली' म्हणतात. पूर्वी 'डूलॅली टॅप' म्हणायचे, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. इनव्हर्नेसच्या बसमध्ये एक बाई दुसरीला म्हणाली की माझा नवरा डूलॅली झालाय, आणि मी मागच्या सीटवर एकटीच हसत बसले.

बॅगपाइपचं असं की बोटं ज्या नळीवर चालतात तिच्यात सूर नऊच, आणि खांद्यावरच्या ज्या तीन नळ्या दिसतात त्या नुसता एकच षड्ज धरून ठेवतात. सनईवाल्याच्या शेजारी एक जण गाल फुगवून फक्त सूर देत बसलेला असतो ना, त्याचं काम. इथे सनईवाला आणि सूरवाला एकाच माणसाच्या काखेत. पिशवीमुळे श्वास घेतला तरी आवाज तुटत नाही आणि मधे शांतता नाहीच, त्यामुळे काटा येतो तो बहुतेक त्यानेच. जुनं संगीत कागदावर नव्हतं, गुरू तोंडाने बोल म्हणायचा, शिष्य पाठ करायचा, तबल्याच्या बोलांसारखे निरर्थक पण नेमके बोल. आपल्या लष्करात पाइप बँड अजून आहेत, २६ जानेवारीच्या परेडला कान देऊन ऐका.

जूनमध्ये आठ दिवस जातोय, किल्ले सोडून काय बघू? – एक कुटुंब, कॉलेज रोड

आठ दिवसांत सगळं होणार नाही. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर जायला जमलं तर स्कारा ब्रे, पाच हजार वर्षांपूर्वीचं गाव, १८५० च्या वादळात वाळू उडाली आणि वर आलं, घराघरात दगडाचं फडताळ, दाराच्या बरोबर समोर. लुईस बेटावर आर्नोलचं काळं घर, दगडाच्या रुंद भिंती, गवताचं छप्पर, एकाच छपराखाली माणसं आणि गुरं, मधे जमिनीवर पीटची धग आणि धुराडं नाही. पीट म्हणजे दलदलीतली कुजलेल्या गवताची माती, विटा कापून वाळवतात, वास गोवरीपेक्षा गोडसर. १९६६ पर्यंत राहत होते त्यात लोक.

मिज नावाची चिलटं येतात जूनपासून, डोळ्यांना जेमतेम दिसतात पण संध्याकाळी वारा पडला की थव्याने तुटून पडतात. डोक्यावरची जाळी घ्या, बावळट दिसेल, तरी घ्या. आणि इगतपुरीचा श्रावण डोक्यात धरून बॅग भरा.

क्रॉइकला गेलात तर गाडी गेटच्या बाहेर लावा, आत मेंढ्या असतात. खिडकी आतून बघू नका, अक्षरं उलटी दिसतात. बाहेरून जाऊन बघा, ती माणसं जिथे उभी होती तिथून.